काटा चढला की उडाला?

जुन्या डिझेल जीपचा टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, की गाडी बाजूला घ्या आणि तो तिथवर कसा पोचला ते आठवा. हळूहळू चढत गेला असेल तर पाणी खरंच तापलंय. हेडलाइट लावल्याबरोबर किंवा खड्ड्यात चाक आपटल्याबरोबर टुणकन गेला असेल, तर दोष बहुतेक वायरिंगमध्ये. एवढं पाणी आणि एवढं लोखंड एका क्षणात वीस डिग्रीने तापत नाही. करंटला मात्र क्षणही लागत नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटचं काम करायचो. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजला की रिअॅक्टर (रसायनांची प्रक्रिया होते ते भांडं) तापलाय का आणि सेन्सरची वायर सुटलीय का, हे दोन्ही बघायचं. पण खात्री होईपर्यंत रिअॅक्टर तापलाय असंच धरून चालायचं. ऐरोलीला घराखाली उभ्या असलेल्या माझ्या जीपलाही मी हाच नियम लावतो.

एका प्रसंगात मात्र विचार करत बसू नका. बॅटरीचा लाल दिवा आणि टेंपरेचर दोन्ही एकदम वर आले, तर इंजिन ताबडतोब बंद. जुन्या जीपमध्ये अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) आणि वॉटर पंप बहुधा एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला की चार्जिंगही गेलं आणि पाणी फिरायचंही थांबलं. मुंब्रा बायपासवर ट्रकांच्या मधे थांबायला जागा नसते हे कबूल, तरी पुढच्या वळणापर्यंत रेटत नेऊ नका. जादा बेल्ट आणि तो बसवायला लागणारे पान्हे सीटखाली असू द्या.

आता शांतपणे घरी बघायच्या गोष्टी. सुरुवात बॅटरीपासून, कारण बाकी सगळे मीटर तिच्या जिवावर चालतात. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. रात्रभर उभी असलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग पुढचं निदान. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ हवा. याच्या खाली राहिला तर बेल्ट, अल्टरनेटरचे ब्रश आणि त्याच्या मागची वायर बघा. १५ च्या वर गेला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय आणि तो बल्ब उडवत सुटेल. चार्जिंगचा दिवा, म्हणजे तोच बॅटरीचा लाल दिवा, चावी फिरवल्यावर लागलाच पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. आधी लागतच नसेल तर बल्ब उडालाय का बघा. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना पहिला करंट त्या बल्बमधूनच मिळतो. एवढ्याशा बल्बपायी लोक अल्टरनेटर उतरवतात.

यानंतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह पोलची इंजिन आणि बॉडीच्या लोखंडाशी असलेली जोडणी. माझ्या मते जुन्या जीपच्या निम्म्या भुताटकीचं मूळ इथे असतं, आणि आपल्याकडे खाडीच्या खाऱ्या हवेत तर जास्तच. थिंबल (वायरच्या टोकाची बोल्टने कसायची धातूची कडी) वरून छान दिसतं, खाली हिरवट बुरशी धरलेली असते. नुसतं बघून कळत नाही, मोजावं लागतं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, लाल पिन इंजिन ब्लॉकच्या खरवडलेल्या जागी. स्टॉपची नॉब ओढून धरा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थची पट्टी खराब. मग लाल पिन डॅशबोर्डच्या मागच्या लोखंडावर टेकवून, हेडलाइट आणि वायपर चालू करून परत बघा. इथे ०.२ च्या वर आकडा चालत नाही. अर्थ गेली की करंट दुसरी वाट शोधतो. अॅक्सिलरेटरची नाहीतर क्लचची केबल कारण नसताना गरम लागत असेल, तर करंट तिथून जातोय.

दुरुस्ती स्वस्त आहे. थिंबल सोडा, दोन्ही बाजू आणि खालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, वॉशर घालून घट्ट करा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. इंजिन ते चासी अशी एक जादा पट्टी मी प्रत्येकाला टाकायला सांगतो.

शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा परवा विचारत होता, “काका, टेंपरेचर आणि डिझेल दोन्ही काटे एकदम फुल्ल. टाकी तर अर्धीच आहे.”

“दोन्ही एकदम ना? मग इंजिनाकडे जाऊच नकोस. मीटरच्या मागे व्होल्टेज कमी करणारी छोटी डबी असते, तिची अर्थ बघ.”

तेच निघालं. दोन मीटर एकदम चुकत असतील तर दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं.

एकटा टेंपरेचरचा काटा संशयास्पद असेल तर चावी चालू ठेवून सेंडरची, म्हणजे इंजिनात बसवलेल्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, वायर काढा. एका वायरचा सेंडर असलेल्या बहुतेक जीपमध्ये काटा थंडकडे पडायला हवा. वायर काढूनही गरमवरच राहिला, तर ती वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकलीय. पडला, तर वायर ठीक. सेंडर काढून पातेल्यातल्या पाण्यात तापवा आणि मल्टीमीटर ओहमवर लावून सेंडरचा रेझिस्टन्स बघा. पाणी तापेल तसा रेझिस्टन्स सलग उतरत गेला पाहिजे. मधेच उडी मारली तर सेंडर बदला. नवीन बसवताना प्लंबरची पांढरी टेप आट्यांवर गुंडाळू नका. त्या सेंडरची अर्थ आट्यांतूनच जाते. टेपने ती अडली की काटा कायम थंड दाखवेल, आणि ते जास्त धोक्याचं.

असाच आणखी एक फसवा थंडपणा आहे. पाणी पूर्ण संपलं की सेंडर हवेत लोंबकळतो आणि तापलेला काटा एकाएकी खाली येतो. हायसं वाटू देऊ नका, थांबा.

काटा खरं सांगतोय की नाही हे पडताळायला टेंपरेचर गन घ्या, पण ती कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर कपाळाला लावायची तसली नको; तिची मजल तापापुरतीच. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप; तिच्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या घरावर गन कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखा.

खरंच तापत असेल तर कुठे तापते ते सांगा, अर्धं निदान तिथेच होतं. घोडबंदर रोडच्या जॅममध्ये तापते आणि पळायला लागली की उतरते, तर हवा कमी पडतेय: फॅन, त्याचा कपलिंग किंवा रिले, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल. चिखल मंद धारेने, इंजिनकडून बाहेरच्या दिशेने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स (जाळीतल्या पातळ पात्या) आडव्या होतात. जॅममध्ये ठीक आणि कसारा घाट चढताना तापते, तर पाणी नीट फिरत नाहीये: आतून चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा पंप. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. मी तो मानत नाही. इंजिन कायम थंड चालतं आणि डिझेल जास्त खातं.

कूलंट लेव्हलचा, म्हणजे रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी कमी झाल्याचा, दिवा असेल तर तोही दोन्हीकडून फसवतो. पारसिक हिलच्या चढावर बाटलीतलं पाणी एका बाजूला गेलं की उगाच लागतो. उलट, बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंही होतं, कारण दोघांना जोडणारी बारीक नळी चिरली की थंड होताना रेडिएटर कूलंटऐवजी हवा ओढतो. म्हणून गाडी थंड असताना, सकाळी, रेडिएटरची कॅप उघडून आत बघा. गरम असताना कॅपला हात लावू नका. आतलं पाणी दाबामुळेच शंभरच्या वर जाऊनही उकळत नसतं, दाब सुटला की अंगावर येतं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर त्याच दाबाच्या आकड्याची नवीन घ्या, ०.९ लिहिलं असेल तर ०.९ चीच. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतात.

हे सगळं करूनही पाणी कमी होत असेल आणि गळती दिसत नसेल, तर इंजिन थंड असताना रेडिएटरची कॅप काढून ते सुरू करा आणि रेडिएटरच्या तोंडाशी बघा. सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर किंवा डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, यातलं काही दिसलं तर बहुतेक हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली सील) गेलीय. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. हेड उतरवलं की सपाट आहे का ते मापून घ्यायला सांगा, तुमच्यासमोर.