गॅनिमीडवरील आघात विवरे कशी मोजावीत

बाह्य सूर्यमालेतील बर्फाळ चंद्रांवरच्या विवरांचा, म्हणजे अवकाशातून आदळलेल्या पिंडांनी पाडलेल्या खड्ड्यांचा, अभ्यास सुरू करणाऱ्याने प्रथम गुरूचा चंद्र गॅनिमीड निवडावा. गुरूच्याच युरोपा या चंद्रावर मोठी विवरे मोजकीच आहेत, तर कॅलिस्टो हा चंद्र विवरांनी इतका खचाखच भरला आहे की एकाची कड कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते हे ठरवणे नवख्याला जड जाते. गॅनिमीडवर जुना काळपट प्रदेश आणि त्यामानाने नवा, चर पडलेला उजळ प्रदेश शेजारी शेजारी असल्यामुळे तुलना सोपी होते.

१९७९ मध्ये जवळून गेलेल्या व्हॉयेजर यानांची आणि १९९५ ते २००३ या काळात गुरूभोवती फिरलेल्या गॅलिलिओ यानाची छायाचित्रे नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिम या संग्रहात विनामूल्य मिळतात. गॅलिलिओचा मुख्य अँटेना पुरता उघडलाच नाही, त्यामुळे बारीक तपशिलाची चित्रे थोड्याच भागाची आहेत. चित्रात ज्या विवराचा व्यास दहा पिक्सेलही भरत नाही, ते मोजणीत धरू नये, असे माझे मत आहे. व्यासासाठी कडेवर बरेच बिंदू घेऊन त्यांतून वर्तुळ बसवावे.

खोली मोजण्यासाठी सूर्य क्षितिजाजवळ असतानाचे चित्र घ्यावे. कडेची सावली तळावर जेथे संपते तेथपर्यंतची लांबी, सूर्यकिरणांच्या दिशेने, मोजून तिला सूर्याच्या उंचीच्या कोनाच्या स्पर्शज्येने (tan) गुणावे. सूर्य २० अंशांवर आणि सावली ३ किलोमीटर असेल, तर खोली सुमारे १.१ किलोमीटर येते. मात्र सावलीचे टोक तळाऐवजी समोरच्या भिंतीवर किंवा मध्यशिखरावर (विवराच्या मधोमध उठलेल्या डोंगरावर) पडले असेल, तर मिळणारा आकडा विवराची खरी खोली नसतो, आणि कॅमेरा सरळ खाली पाहत नसेल तर लांबीत आधी दुरुस्ती करावी लागते.

पृथ्वीच्या चंद्रावरच्या विवरांचे नियम येथे जसेच्या तसे लावू नयेत. गॅनिमीडचे गुरुत्व चंद्रापेक्षा थोडे कमी असल्याने वाडग्यासारखा साधा आकार अधिक मोठ्या व्यासापर्यंत टिकावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात चंद्रावर हा आकार साधारण १५ किलोमीटरपर्यंत आढळतो, तर येथे दोन-तीन किलोमीटरलाच मोडतो, कारण बर्फ खडकापेक्षा दुबळा असतो. त्याहून मोठ्या विवरांत मध्यशिखर दिसते आणि आणखी मोठ्यांत शिखराच्या जागी खड्डा येतो. पृष्ठभागाचा बर्फ उणे १६० अंश सेल्सिअसच्या आसपास दगडासारखा घट्ट असला, तरी खोलवरचा उबदार बर्फ कोट्यवधी वर्षांत हळूहळू वाहतो आणि तळ वर येतो. म्हणून उथळ विवर दिसताच ते झिजलेले समजू नये. कड ठसठशीत आणि तळ मात्र वर आलेला असेल, तर तो बर्फाच्या वाहण्याचा पुरावा मानावा. खोली आणि व्यास यांच्या आलेखावरून ग्रहशास्त्रज्ञ पॉल शेंक यांनी २००२ मध्ये युरोपाचे बर्फाचे कवच किमान १९ किलोमीटर जाड असल्याचे मांडले होते.

मोजणीत सर्वांत जास्त फसवतात ती दुय्यम विवरे, म्हणजे मोठ्या आघातातून उडालेल्या तुकड्यांनी पाडलेले लहान खड्डे. युरोपावरील एक किलोमीटरहून लहान विवरांपैकी बहुतेक अशीच आहेत, असे २००५ मध्ये दाखवले गेले. ओळीने किंवा झुपक्याने असलेले, लांबट खड्डे वेगळ्या यादीत टाकावेत आणि जवळपास एखादे मोठे ताजे विवर आहे का ते पाहावे. अर्थात प्रत्येक ओळ दुय्यम नसते: गॅनिमीडवरील एन्की कॅटेना ही तेरा विवरांची रांग फुटलेल्या धूमकेतूच्या तुकड्यांनी बनल्याचे मानतात.

शेवटी वयाबाबत संयम ठेवावा. विवरे जितकी दाट तितका प्रदेश जुना, पण नेमकी वर्षे सांगायला आधार लागतो. पृथ्वीच्या चंद्रावरचे कालमापन अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांवर आधारलेले आहे. बर्फाळ चंद्रांवरून कोणताही नमुना आलेला नाही आणि तेथे आदळणारे पिंड मुख्यतः धूमकेतूंच्या जातीचे आहेत. म्हणून कोणता प्रदेश जुना आणि कोणता नवा, एवढेच खात्रीने लिहावे. प्रत्येक मापासोबत चित्राचा क्रमांक, विभेदन (एका पिक्सेलमध्ये किती मीटर) आणि सूर्याचा कोन नोंदवावा, म्हणजे २०२३ मध्ये निघालेले युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस यान गॅनिमीडची नवी चित्रे पाठवू लागले की तीच विवरे पुन्हा मोजून पडताळता येतील.