जर्मनीत ऑफिस उघडताय? या चुका टाळा

पुण्यातली एक आयटी कंपनी, म्युनिकला चौदा माणसांचं ऑफिस. नव्या माणसाचं काम पसंत पडेना, म्हणून प्रोबेशनचे सहा महिने संपायला चार दिवस असताना पुण्याच्या एचआरने त्याला ईमेलवर नोटीस धाडली. आपल्याकडे यात काही वावगं नाही. पण जर्मनीत त्या मेलला कवडीची किंमत नव्हती. वकिलाने हे सांगेपर्यंत सहा महिने उलटले होते आणि माणसाला नोकरीचं पूर्ण संरक्षण मिळालं होतं. शेवटी पैसे मोजून समझोता करावा लागला.

जर्मन कामगार कायदा कडक आहे हे सगळेच म्हणतात. मला मात्र कंपन्या अडकताना दिसतात त्या साध्या कागदापायी.

नोटीस म्हणजे कागद, शाई आणि सही

जर्मन नागरी संहितेचं कलम 623 सांगतं की नोकरी संपवायची तर ती लेखीच. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, पीडीएफ, स्कॅन केलेली सही, डिजिटल सही, काहीही चालत नाही. राजीनाम्याला आणि परस्पर संमतीच्या कराराला हाच नियम आहे. त्यामुळे ‘मेलवर राजीनामा दे, प्रकरण मिटवू’ हा आपला लाडका तोडगाही तिथे निकामी.

सही कोणाची, हा पुढचा खड्डा. जर्मन कंपनीच्या नोंदणीकृत संचालकाने सही केली तर प्रश्न नाही. पुण्याच्या एचआर प्रमुखांनी केली, सोबत मूळ अधिकारपत्र नसलं आणि त्यांना तो अधिकार असल्याचं कर्मचाऱ्याला आधी कळवलेलं नसलं, तर तो लगेच हरकत घेऊन नोटीस फेटाळू शकतो. झेरॉक्स लावून भागत नाही. कागद शक्यतो हातात द्या. माणूस भेटत नसेल तर निरोप्याकरवी त्याच्या टपालपेटीत टाका, पण पाकिटात कोणता कागद घातला हे त्या निरोप्याने स्वतः पाहिलेलं असू द्या. उद्या कोर्टात तोच साक्षीदार.

‘प्रोबेशन तीन महिने वाढवू’

खुशाल वाढवा, उपयोग नाही. दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात सहा महिने झाले की बडतर्फीपासूनचं संरक्षण आपोआप लागू होतं. करारात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यानंतर काढायचं तर कायद्याला पटेल असं कारण हवं. वागणुकीचं कारण असेल तर बहुतेक वेळा आधी रीतसर ताकीद दिलेली असावी लागते. कर्मचाऱ्याला कोर्टात जायला तीन आठवडे मिळतात, आणि लोक जातात. म्हणून पाचव्या महिन्यातच बसून निर्णय घ्या.

ठराविक मुदतीच्या करारातही असंच होतं. दोघांच्या सह्या कामाच्या पहिल्या दिवसाआधी व्हायला हव्यात आणि साधी ई-सही चालत नाही. ‘जॉइन हो, कागद मागाहून पाठवतो’ म्हणालात की मुदत बाद आणि माणूस कायम.

बेट्रीब्सराट म्हणजे युनियन नव्हे

ही ऑफिसातल्या लोकांनी निवडलेली कर्मचारी समिती. पाच कायम कर्मचारी असले तरी ती निवडता येते, कंपनीची परवानगी लागत नाही, आणि निवडणुकीत आडकाठी आणणं हा गुन्हा आहे. समिती असेल तर प्रत्येक नोटिशीआधी, अगदी प्रोबेशनवरच्या माणसाच्याही, तिचं म्हणणं विचारावं लागतं. न विचारता दिलेली नोटीस रद्दबातल. समितीने विरोध केला तरी नोटीस देता येते, पण विचारायचं राहून गेलं तर सुटका नाही.

ऑनसाइट पाठवताना

आपल्या आयटीवाल्यांचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे. तुमचा इंजिनिअर क्लायंटच्या ऑफिसात बसतो, रोजचं काम क्लायंटचा मॅनेजर वाटून देतो, रजाही तोच मंजूर करतो. करारावर ‘प्रोजेक्ट’ लिहिलेलं असलं तरी कायदा याला माणसं भाड्याने देणं समजू शकतो. त्यासाठी परवाना लागतो. तो नसेल तर दंड होतोच, शिवाय तुमचा माणूस कायद्याने क्लायंटचा कर्मचारी ठरू शकतो. काम तुमच्याच टीम लीडकडून वाटलं जाऊ द्या. नुसत्या कागदावर नको, खरोखर.

पीएफचं प्रमाणपत्रही विसरू नका. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. माणूस भारतातच वर्गणी भरतोय असं ईपीएफओचं प्रमाणपत्र असेल तर पाठवलेल्या माणसाची पेन्शन वर्गणी 48 महिने तिकडे भरावी लागत नाही. आरोग्य विम्याची सोय वेगळी करा.

रात्रीचे कॉल

एका दिवसाचं काम संपल्यापासून पुढच्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग 11 तास विश्रांती हवी. रात्री दहापर्यंत अमेरिकेच्या कॉलवर असलेल्या माणसाला सकाळी नऊच्या आत कामाला लावता येत नाही. पुण्यातली सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात तिकडे पहाटे साडेपाचला पडते, तेवढं बघा.

प्रशस्तिपत्र

सोडून जाणाऱ्याला तिथे कामाचं प्रशस्तिपत्र मागण्याचा हक्क आहे आणि त्याची भाषा सांकेतिक असते. पुण्यातल्या एका मॅनेजरने अगदी कौतुकाने लिहिलं, ‘याने खूप प्रयत्न केले.’ जर्मन वाचणारा यातून एवढंच समजतो की जमलं काहीच नाही. आठवड्याभरात वकिलाचं पत्र आलं. चांगल्या माणसासाठी लिहायचं ते ‘नेहमीच आमच्या पूर्ण समाधानाचं काम केलं’. त्यातला ‘नेहमीच’ गाळलात तर एक श्रेणी घसरते.