ठिपके गळले तरी उपचार थांबवू नका

थंडी सुरू झाली की माशांच्या टाकीचे पाणी रात्रीतून चार-पाच अंशांनी उतरते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे ‘इक’, डोके वर काढतो. दर हंगामात मी तेच पाहतो. तीन-चार दिवसांत मिठाच्या कणाएवढे ठिपके गळतात, मासा स्वच्छ दिसतो, उपचार बंद होतात. आठवड्याभरात दुप्पट ठिपके येतात आणि मासे पृष्ठभागाशी धापा टाकत मरतात.

ठिपका गळतो म्हणजे परोपजीवी मेलेला नसतो. तो खडीवर जाऊन कवच करतो आणि आत शेकडो पिल्ले तयार होतात. कातडीखाली असताना किंवा कवचात असताना त्याला औषध लागत नाही. पिल्ले मासा शोधत पाण्यात पोहतात, तेवढ्याच वेळात औषधाने ती मरतात. म्हणून अंग स्वच्छ दिसते तेव्हाच औषध पाण्यात हवे. शेवटचा ठिपका गेल्यावर २८-३० अंशांत किमान आठवडा, २४-२५ अंशांत दोन आठवडे उपचार चालू ठेवा. पाणी त्याहून थंड असेल तर आणखी लांबवा.

महागड्या बाटल्यांआधी साधे खडे मीठ घ्या. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला २०० ग्रॅम. विरघळवून दीड दिवसात थोडे थोडे घाला. खवले नसलेल्या माशांना निम्मे. नाजूक वनस्पतींना मीठ सोसत नाही. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनीच वाढवा. गोल्डफिशला ३० पर्यंत नेऊ नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी होतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा.

रोजची कामे:
- खडी सायफनने उपसणे
- चतुर्थांश पाणी बदलणे, तापमान जुळवून
- काढलेल्या पाण्याच्या हिशेबाने मीठ भरणे (२५ लिटरला ५० ग्रॅम)
- फिल्टरमधला कोळसा काढून ठेवणे. तो औषध शोषतो

मिठाने भागले नाही तरच फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइड वायूचे पाण्यातले द्रावण): १००० लिटरला २५ मिलि, एक दिवसाआड, आधी पाणी बदलून. तेही पाण्यातला प्राणवायू खाते, म्हणून तापमान वाढवलेले असताना टाळा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला असेल तर ती वापरू नका, तो माशांना विष आहे. हातमोजे घाला, वाफ हुंगू नका. खाण्याच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन, म्हणजे या रोगावर वापरला जाणारा हिरवा रंग, कधीच देऊ नका. विक्रेता एकदम तीन औषधे हातात देईल. एकच घ्या आणि पूर्ण मुदत द्या.

माझा अंदाज सांगतो, पुस्तकात शोधू नका: ठिपक्यांच्या एक-दोन दिवस आधी मासे खडीवर कूस घासतात, पंख मिटून कोपऱ्यात थांबतात. त्या रात्री टॉर्च बाजूने धरून शेपटी पाहा. एक कण दिसला तरी मीठ सुरू करा. कल्ल्यांत आधी लागण होते, तिथले ठिपके दिसत नाहीत.

नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा आणि त्या टाकीची जाळी दुसरीकडे नेऊ नका. नेलीच, तर आधी उन्हात कडक वाळवा.