परदेशी पासपोर्टच्या जोडीदाराचं नाव घराला लावताना

घरपट्टीच्या पावतीवर बायकोचं नाव आलं की घर तिचंही झालं, हा समज जळगावपासून धडगावपर्यंत पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८, महापालिकेची कर आकारणी, महावितरणचं बिल हे सगळे वसुलीचे कागद. बँकेच्या कर्जात सहकर्जदार म्हणून केलेली सही तर त्याहून वाईट, कारण तिने हप्त्याची जबाबदारी येते, हक्क एका विटेचाही येत नाही. मालकी येते ती नोंदवलेल्या दस्ताने, नाहीतर वारसाने किंवा मृत्युपत्राने. सिटी सर्व्हेचा उतारा आणि सातबारा त्या दस्ताच्या मागून चालतात.

जोडीदार भारतीय असेल तर थेट दस्ताकडे जाता येतं. परदेशी नागरिक असेल तर आधी जमीन बघायची, मग पासपोर्ट, मग कर्ज. लोक नेमके उलट जातात. दस्तलेखकाकडे बक्षीसपत्र तयार होतं आणि सही करायच्या दिवशी कळतं की जागाच चालणारी नाही.

जमीन

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या मळ्यात बांधलेले बंगले दिसायला शहरातल्यासारखे असतात, पण सातबारा काढला तर गट अजून शेतीचाच. परदेशात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला, अगदी ओसीआय कार्ड (भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते ओळखपत्र) असलं तरी, शेतजमीन, शेतघर आणि मळ्याची मिळकत विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. ही बंदी परकीय चलन कायद्याची, म्हणजे फेमाची. शिवाय महाराष्ट्राच्या कूळ कायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेऊ देत नाही. म्हणून घराखालची जागा मोजणी करून वेगळी काढा आणि निवासी बिनशेती करून घ्या. परवानगी नुसती ‘शेतघर’ म्हणून असेल तर तिचा इथे उपयोग नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकासोचा, म्हणजे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या कर्जाचा, बोजा दिसत असेल तर तो आधी उतरवा.

गावठाणातल्या धाब्याच्या घराचा प्रश्न वेगळा. तिथे शेतीची अडचण नाही, पण मालकीचा कागदच नसतो. आजोबांच्या नावचा नमुना ८ आणि त्यावर तीन भावांची वहिवाट, एवढंच हातात असतं. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असेल तर ती आधी मिळवा आणि त्यावर नावं कोणाची आहेत ते वाचा. घर वडिलोपार्जित आणि न वाटलेलं असेल, तर एकट्या भावाने आपल्या अविभक्त हिश्श्याचं केलेलं बक्षीसपत्र बाकीच्यांच्या संमतीशिवाय टिकत नाही. आधी नोंदवलेलं वाटणीपत्र, मग पुढचं.

नंदुरबार जिल्हा, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतले आदिवासी भाग इथे आणखी एक कुलूप आहे. मालक आदिवासी असेल आणि जोडीदार बिगर आदिवासी, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय हस्तांतर होत नाही. बक्षीसही हस्तांतरच. नवरा-बायको आहोत, हे उत्तर तिथे चालत नाही. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-२’, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जागा, असं लिहिलेलं असेल तरीही आधी परवानगी लागते. प्रकल्पग्रस्तांना मिळालेल्या प्लॉटवर हा शेरा हमखास तपासा.

पासपोर्ट

सगळ्यात सोपा मार्ग ओसीआय कार्डाचा. ओसीआय धारकाला निवासी घर विकत घेता येतं, आणि नवरा किंवा बायको ‘नातेवाईक’ या व्याख्येत बसत असल्याने बक्षीसही घेता येतं. घरांच्या संख्येवर मर्यादा नाही. मात्र लग्नाच्या आधारावर हे कार्ड लग्न नोंदवून सलग दोन वर्षं टिकल्यावरच मिळतं. लग्न परदेशात झालं असेल तर दाखल्यावर त्या देशाचा अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी) शिक्का घ्या. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. स्वतः, आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधीही पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही.

कार्ड नाही, पण जोडीदार इथेच राहतो, अशा वेळी फेमातला ‘भारतात निवासी’ हा दर्जा बघतात. मागच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम आणि इथे राहण्याचा हेतू, या दोन्ही गोष्टी लागतात. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाचे दिवस भरले तरी हेतू सिद्ध होत नाही. जोडीदार म्हणून मिळालेला एन्ट्री व्हिसा आणि पोलीस अधीक्षक कार्यालयातली परदेशी नागरिक नोंदणी हे कागद इथे कामाला येतात.

पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, अफगाणिस्तान, चीन, इराण, नेपाळ, भूतान, हाँगकाँग, मकाव आणि उत्तर कोरिया यांच्या नागरिकांना भारतात राहत असले तरी रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागते. ओसीआय धारक असेल तर ही अट नाही. यातला नेपाळ लोकांना सर्वात जास्त फसवतो. नेपाळी सुनेला यायला व्हिसा लागत नाही, म्हणून घराला नाव लावायलाही काही लागत नसेल असं गृहीत धरलं जातं. लागतं. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन व्यक्तींना मात्र स्वतः राहण्यासाठी एक घर घेण्याची वेगळी तरतूद आहे, अटी आणि पोलिसांना द्यायच्या माहितीसह.

दोघंही परदेशात, नवरा अनिवासी भारतीय आणि बायकोकडे ओसीआय नाही, असं असेल तर दोघांच्या नावाने मिळून एकच घर घेता येतं. लग्न नोंदवलेलं आणि दोन वर्षं टिकलेलं हवं, पैसे बँकेतूनच आले पाहिजेत.

कर्ज चालू असेल तर

मूळ खरेदीखत बँकेच्या तिजोरीत असतं. बँकेला न सांगता निम्मा हिस्सा बक्षीस दिला तर कर्जकराराचा भंग होतो आणि बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते. आधी शाखेत लेखी अर्ज करून ना हरकत पत्र घ्या. बँक बहुधा एकच अट घालते, की जो सहमालक होईल तो सहकर्जदारही झाला पाहिजे. याचा अर्थ कर्जाची नव्याने छाननी, म्हणजे उत्पन्न, सिबिल, नोकरी. इथे परदेशी जोडीदाराची पाटी कोरी असते. सिबिल स्कोअर नाही, पगार परक्या चलनात. बऱ्याच बँका भारतीय नागरिक, अनिवासी भारतीय आणि ओसीआय यांनाच गृहकर्ज देतात, त्यामुळे साधा परदेशी पासपोर्ट असेल तर शाखा व्यवस्थापक मान हलवतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. थोडं कर्ज उरलं असेल तर ते फेडा, बोजा उतरवा आणि मग बक्षीसपत्र करा. जास्त असेल तर ओसीआय कार्ड हातात येईपर्यंत थांबा.

बँकेने होकार दिला तर पुरवणी करारावर दोघांच्या सह्या होतात, आणि गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे ३० दिवसांच्या आत पुन्हा दाखल करावी लागते. हे काम बँकेचं असं समजून सोडू नका, पोच मागून घ्या.

घर अजून घ्यायचंच असेल तर नावं साठेखतातच दोन टाका. स्त्रीच्या एकटीच्या नावाने निवासी घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट मिळते, नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. एकटीचं नाव की जोडनाव, हा हिशोब खरेदीआधी करायचा.

दस्त

कधीकधी दस्तलेखक ‘हक्कसोडपत्र करून टाकू’ म्हणतो. ऐकू नका. हक्क सोडता येतो तो सहमालकाच्या लाभात. बायको अजून सहमालकच नाही, म्हणून इथे बक्षीसपत्रच लागतं. त्यात ‘अविभाज्य निम्मा हिस्सा’ असं स्पष्ट लिहा. नुसतं ‘नाव लावणे’ लिहिलं तर किती हिस्सा गेला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

महाराष्ट्रात निवासी घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आणि नोंदणी फी २०० रुपये. स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार लागतो तो वेगळा, आणि पानांच्या संख्येप्रमाणे हाताळणी शुल्क. घराची रेडी रेकनर किंमत (सरकारी दरपत्रकाप्रमाणे धरलेली) ४० लाख असेल तर निम्म्या हिश्श्याचे २० लाख, त्यावर अधिभार २० हजार. दोनशे रुपयांत काम होतं असं ऐकून आलेला माणूस इथे चरकतो. आणखी एक खाच: पुढे दुकानाचा गाळा आणि मागे घर, ही आपल्याकडची नेहमीची रचना. गाळा निवासी नसल्याने त्या भागाला दोनशेची सवलत नाही. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधीच अभिनिर्णय, म्हणजे शुल्क किती लागेल याचा निर्णय, करून घ्या. नंतर दंडासह वसुली निघण्यापेक्षा ते बरं.

नावाकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा पासपोर्टवर ‘मारिया एलेना गार्सिया’, लग्नाच्या दाखल्यावर ‘मारिया राहुल पाटील’ आणि पॅनवर ‘मारिया गार्सिया पाटील’. मराठीत आपण सवयीने नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं लिहून मोकळे होतो. पण ती मारिया राहुल पाटील कोण, हे पासपोर्ट सांगत नाही. दस्तात पासपोर्टवरचं पूर्ण नाव आधी, मग ‘ऊर्फ’ लिहून बाकीची दोन, आणि पासपोर्ट क्रमांक. देवनागरीत गार्सिया की गारसिया हे एकदा ठरवा आणि ऑनलाइन डेटा एन्ट्री, दस्त, सूची क्रमांक २ (नोंदणीनंतर मिळणारा दस्ताचा गोषवारा), फेरफार सगळीकडे तेच ठेवा. एका वेलांटीसाठी नंतर चूक दुरुस्तीपत्र करावं लागतं. पॅन नसेल तर परदेशी नागरिकांचा वेगळा अर्ज भरून आधी काढून घ्या.

तिला मराठी वाचता येत नसेल तर ‘मजकूर मला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगितला’ असं कलम घाला आणि सोबत इंग्रजी प्रत ठेवा. बक्षीस स्वीकारल्याची तिची सही दस्तातच हवी, कारण देणारा हयात असताना स्वीकार झाला नाही तर बक्षीस पूर्ण होत नाही. दोन साक्षीदार लागतात. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करायची. नवरा परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथला मुद्रांक लावून घ्या. ही मुदत हमखास चुकते, कारण पाकीट घरी कपाटात पडून राहतं.

नोंदी करणं सोपं. सिटी सर्व्हेतली मिळकत असेल तर सूची २ घेऊन भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात जा, सातबारा असेल तर तलाठ्याकडे. नोटिशीचे १५ दिवस हरकत आली नाही तर फेरफार प्रमाणित होतो. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या भागदाखल्यावर दोन्ही नावं घ्या. घरपट्टी आणि वीजबिल सर्वांत शेवटी.

करांची बाजू

जोडीदाराकडून मिळालेल्या बक्षिसावर तिला आयकर नाही. पण घर भाड्याने दिलं तर बक्षीस दिलेल्या हिश्श्याचं भाडंही देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणून कर वाचवायला नाव लावत असाल तर तो बेत सोडा. जुन्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर प्रत्येकी २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण जो सहमालकही आहे आणि सहकर्जदारही, त्यालाच. घर विकताना दोघांपैकी एक जण अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला १ टक्का टीडीएसचा नेहमीचा नियम लागत नाही, अनिवासी विक्रेत्याचा जास्त दराचा टीडीएस कापावा लागतो. गिऱ्हाईक हे ऐकून बिचकतं, तेव्हा सौद्याच्या पहिल्याच बैठकीत सांगा.

बक्षीसपत्र नको असेल तर

नोंदवलेलं बक्षीस मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, संसार मोडला तरी. ज्यांना आजच हिस्सा द्यायचा नाही, फक्त आपल्यामागे जोडीदार बेघर होऊ नये एवढंच हवंय, त्यांना मृत्युपत्र पुरतं. त्याला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणी ऐच्छिक असते, पण ती कराच. विशेष विवाह कायद्याखाली, वेगळ्या धर्माच्या जोडीदाराशी लग्न झालं असेल तर हे आणखी गरजेचं. तिथे हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, मुलं नसून आई-वडील-भाऊ असतील तर निम्मं. पूर्ण घर तिलाच जावं असं वाटत असेल तर ते लिहूनच ठेवावं लागेल.

ओसीआय जोडीदाराला शेतजमीन बक्षीस घेता येत नसली तरी वारसाने मिळू शकते. पुढे ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि तोही शेतकरी हवा. म्हणून मृत्युपत्रात घराचा सिटी सर्व्हे नंबर आणि मळ्याचा गट नंबर दोन वेगळ्या कलमांत लिहा. एकात वाद निघाला तर दुसऱ्याचा फेरफार अडकू नये.