सेंट क्लेअर रस्त्यावरची दोन टोकं : स्थलांतरितांच्या तुलनेचा अभ्यास करायला येणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडच्या डाउनटाउनमधून सेंट क्लेअर अव्हेन्यूने पूर्वेकडे निघालात की तिसाव्या रस्त्यापासून एशियाटाउनचा भाग लागतो. चिनी आणि व्हिएतनामी पाट्या, भाताची पोती रचलेली दुकानं, दुपारच्या सुट्टीत खचाखच भरणारी हॉटेलं. तसेच सरळ पुढे गेलात तर साठाव्या रस्त्यानंतर सेंट व्हायटस चर्चचे जुळे मनोरे दिसतात, आणि जरा पुढे १९२४ साली उघडलेली स्लोव्हेनियन नॅशनल होम या समाजमंदिराची भलीमोठी इमारत. गाडीने दहा मिनिटांचाही रस्ता नाही. माझा प्रबंध या दहा मिनिटांवर होता: मध्य युरोपातल्या स्लोव्हेनियातून आलेल्यांची म्हणजे स्लोव्हेनियन वंशाची आणि आशियाई वंशाची कुटुंबं शिक्षणात, उत्पन्नात, घराच्या मालकीत आणि राजकारणात कुठे पोचली, आणि का.

पुण्या-मुंबईहून समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा लोकसंख्याशास्त्र शिकायला येणारी मुलंमुली मला विचारतात की असं काम सुरू कुठून करायचं. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी माझी चूक सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होते. पहिल्या सत्रात मी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना खात्याच्या वार्षिक पाहणीची आकडेवारी उतरवून घेतली, एक रकाना 'आशियाई', दुसरा 'स्लोव्हेनियन', आणि उत्पन्नाचे दोन उभे स्तंभ काढून मार्गदर्शक बाईंसमोर ठेवले. त्यांनी स्तंभांकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "हे दोन रकाने कुठल्या प्रश्नातून आलेत?" मला सांगता येईना. घरी येऊन मूळ प्रश्नावली उघडली तेव्हा उलगडा झाला. 'आशियाई' हा रकाना वंशाच्या प्रश्नातून येतो. तिथे चौकटी असतात आणि उत्तर देणं प्रत्येकाकडून अपेक्षित असतं. 'स्लोव्हेनियन' मात्र पूर्वजांविषयीच्या प्रश्नातून येतो. तिथे मोकळी जागा असते आणि माणसाला जे आठवतं, जे महत्त्वाचं वाटतं ते तो लिहितो. एक पणजी स्लोव्हेनियन, बाकी सगळे आयरिश आणि जर्मन अशा माणसाने 'आयरिश' लिहिलं की तो आपल्या तक्त्यातून गेला.

म्हणजे चौथ्या पिढीत ज्यांनी स्वतःला अजून स्लोव्हेनियन म्हणवून घेतलंय तेवढेच आपल्याला दिसतात. लग्नं बाहेर झालेली, शहर सोडून गेलेली, कदाचित जास्त शिकलेली माणसं मोजणीतून निसटतात. ब्रायन डंकन आणि स्टीफन ट्रेहो या अर्थतज्ज्ञांनी मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांबाबत ही गळती दाखवून दिली आहे. ते काम स्लोव्हेनियन लोकांविषयी नसलं तरी आधी ते वाचा, मग तक्ते काढा.

नावाचा गोंधळ त्याहून जुना आहे. १९१८ पूर्वी आलेले स्लोव्हेन ऑस्ट्रिया-हंगेरीचे प्रजाजन म्हणून आले. बऱ्याच कागदांवर ते 'ऑस्ट्रियन' आहेत, पुढे 'युगोस्लाव' झाले, आणि मध्येच कुणीतरी स्लोव्हाक आणि स्लोव्हेन यांची गल्लतही करून ठेवलेली असते. अमेरिकेच्या जनगणनेत १९९० साली सुमारे सव्वा लाख लोकांनी स्लोव्हेनियन पूर्वज सांगितले, २००० साली सुमारे पावणेदोन लाखांनी. दहा वर्षांत तेवढी बाळं जन्मली नव्हती की बोटी भरून माणसं आली नव्हती. १९९१ मध्ये स्लोव्हेनिया स्वतंत्र देश झाला आणि जुन्या लोकांना आपल्या मुळाचं नाव परत मिळालं, असंच मी या वाढीकडे पाहते. लोकसंख्येचा आलेख चढताना दिसला की आधी इतिहास उघडा, ही सवय मला या एका आकड्याने लावली.

आता आशियाई रकाना. प्यू संशोधन केंद्राने २०१९ च्या आकडेवारीवरून काढलेले आकडे पाहा. सगळ्या आशियाई कुटुंबांचं मध्यक वार्षिक उत्पन्न (निम्मी कुटुंबं त्याच्या वर, निम्मी खाली) ८५,८०० डॉलर, भारतीय वंशाच्या कुटुंबांचं १,१९,००० आणि ब्रह्मी कुटुंबांचं ४४,४००. पंचविशीपुढच्या भारतीयांत पदवीधर ७५ टक्के, भूतानी लोकांत १५ टक्के. या सगळ्यांना एका पोत्यात भरून काढलेली सरासरी कुणाचीच नसते.

क्लीव्हलँडजवळच्या ॲक्रन शहराच्या नॉर्थ हिल भागात नेपाळीभाषक भूतानी निर्वासितांची मोठी वस्ती आहे. नेपाळमधल्या छावण्यांतून २००८ पासून हे लोक अमेरिकेत येऊ लागले. तिथे दुभाष्याचं काम करणारी एक तरुण मुलगी माझा तक्ता बराच वेळ बघत होती. आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं. तिने 'आशियाई' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "दीदी, इसमें हम कहाँ हैं?" तिची आई हॉटेलांचे टॉवेल धुणाऱ्या लाँड्रीत उभ्याने काम करत होती, आणि माझ्या तक्त्यात तिच्या घराची गणना देशातल्या सर्वांत कमावत्या गटात होत होती. मी त्या दिवशी काही बोलू शकले नाही. रात्री सगळी आकडेवारी पुन्हा देशवार फोडायला बसले.

आपण भारतीय इथे पुढे का दिसतो, याचं उत्तर १९६५ च्या स्थलांतर कायद्यात आहे. त्याने जुना देशवार कोटा रद्द केला आणि नातेवाइकांना व कुशल कामगारांना प्राधान्य दिलं. भारतातून आधी आले ते डॉक्टर, इंजिनियर, शास्त्रज्ञ. पुढे विद्यार्थी आणि संगणकवाले. देशातली मूठभर शिकलेली माणसं चाळून घ्यायची आणि मग म्हणायचं की या समाजात शिक्षणाची ओढ आहे, हे मला मान्य नाही. मी स्वतः त्याच चाळणीतून आले आहे. माझ्या वडिलांची पदवी, इंग्रजी शाळा, बँकेने दिलेलं शैक्षणिक कर्ज हे सगळं विमानात बसण्याआधीच माझ्याजवळ होतं. या विषयावर काम करणाऱ्या मराठी मुलांनी हे स्वतःशी स्पष्ट केलेलं बरं, नाहीतर प्रबंधभर नकळत आपलंच कौतुक लिहिलं जातं.

स्लोव्हेन उलट टोकाने आले. १८८० नंतर, आणि विशेषतः पहिल्या महायुद्धाआधीच्या पंचवीस वर्षांत, शेतीवर भागत नाही म्हणून निघालेली ही माणसं क्लीव्हलँडच्या पोलाद आणि तारेच्या कारखान्यांत लागली. १९११ मध्ये स्थलांतराची चौकशी करणाऱ्या सरकारी डिलिंगहॅम आयोगाने ४१ खंडांचा अहवाल दिला, त्यात दक्षिण आणि पूर्व युरोपातून आलेल्यांना कमी दर्जाचं ठरवलं होतं. १९२४ च्या स्थलांतर कायद्याने सगळ्या युगोस्लाव्हियाला मिळून वर्षाला ६७१ जागा ठेवल्या. पण आलेल्याला नागरिक होता येत होतं, कारण कायद्याच्या लेखी तो 'गोरा' होता. हा फरक वरवरचा नाही. एका स्लोव्हेन पोलाद कामगाराच्या घरी याच शहरात १८९५ साली जन्मलेले फ्रँक लाउशी आधी क्लीव्हलँडचे महापौर झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये ओहायोचे गव्हर्नर. त्याच महिन्यात ओहायोत राहणाऱ्या भारतीयाला नागरिकत्वाचा अर्जसुद्धा करता येत नव्हता. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही असा निकाल दिला होता, आणि ते दार १९४६ मध्ये उघडलं, तेही वर्षाला शंभर जणांच्या कोट्यासह. चिन्यांसाठी ते १९४३ मध्ये उघडलं होतं. राजकारणात आशियाई मागे का, असा प्रश्न लिहिताना या तारखा शेजारी मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग तुलना करायची कशी? मला जमलेली वाट अशी: आजच्या स्लोव्हेनांशी आजच्या आशियाई लोकांची तुलना सोडून द्यायची आणि पिढीशी पिढी जुळवायची. आशियाई स्थलांतरितांची इथे जन्मलेली मुलं आज कुठे आहेत हे पाहायचं, आणि स्लोव्हेन स्थलांतरितांची मुलं १९७० साली कुठे होती हे पाहायचं. १९७० च का, तर आईवडिलांचं जन्मस्थान विचारणारी ती शेवटची दशवार्षिक जनगणना, आणि तिच्यात मातृभाषेचाही प्रश्न होता. त्यामुळे 'युगोस्लाव' या ढिगातून स्लोव्हेन वेगळे काढता येतात. आजच्या दुसऱ्या पिढीसाठी करंट पॉप्युलेशन सर्व्हे ही जनगणना खात्याची दरमहाची पाहणी वापरा. त्यात १९९४ पासून आईवडिलांचं जन्मस्थान विचारतात. हे सगळं मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स संकेतस्थळावर फुकट मिळतं, फक्त नोंदणी करावी लागते. भारतात असतानाच नोंदणी करा आणि 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीत दोनचार तक्ते काढून पाहा. पहिल्या सत्रात हातावर वेळ उरत नाही.

वय, घरातली कमावती माणसं आणि राज्य या तीन गोष्टी जमेस न धरता उत्पन्नाचा एकही आकडा छापू नका. आशियाई वस्ती कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारख्या महाग भागांत दाटलेली आहे, स्लोव्हेनियन वस्ती ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिनेसोटात. तिथला डॉलर आणि इथला डॉलर सारखं घर विकत घेत नाही. नमुना लहान असला की एका वर्षाऐवजी पाच वर्षांची एकत्रित आकडेवारी घ्या आणि आकड्यात किती चूक असू शकते ती मर्यादा त्याच्या शेजारीच छापा.

एवढं करूनही तक्ता अर्धाच राहतो. बाकीचं मला एका स्वयंपाकघरात मिळालं.

ईस्टरआधी स्लोव्हेनियन बायका एकत्र जमून पोतित्सा नावाची गोड गुंडाळी करतात. पिठाचा गोळा टेबलभर इतका पातळ लाटायचा की खालच्या कापडाची नक्षी दिसावी, त्यावर वाटलेले अक्रोड, साखर आणि दूध यांचं सारण पसरायचं, आणि कापडाचं टोक उचलून गुंडाळी करायची. मला मुलाखत हवी होती. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींनी माझ्या हातात अक्रोडांची परात दिली. मी सारण पसरत होते आणि त्या बोलत होत्या. "माझी आई काही काम करत नव्हती, घरीच असायची." मग हळूहळू निघालं की घरात कारखान्यातले सात पुरुष भाड्याने राहायचे. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच गादीवर. आई पहाटे चारला उठून सगळ्यांचे डबे भरायची, कपडे धुवायची, पैशांचा हिशेब ठेवायची. नंतर मी जुन्या जनगणनेच्या नोंदीत त्या काळातली अशी घरं शोधली. भाडेकरूंची नावं एकाखाली एक, आणि बाईच्या व्यवसायासमोर 'काही नाही'.

माझी आजी लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. पंधरा-सोळा ताटं दोन वेळची. तिच्या नावापुढेही कागदोपत्री 'घरकाम' होतं. त्या आजींना मी हे मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं, तशी त्यांनी परात बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढची दोन वर्षं इतर घरांची दारं त्यांनीच मला उघडून दिली.

त्यानंतर मी बायकांच्या न नोंदलेल्या कमाईवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. एशियाटाउनमधल्या दुकानांतही गल्ल्यावर बसणारी काकू आणि शाळेतून येऊन भाजी निवडणारी मुलगी पगारपत्रकावर क्वचितच असतात. पैसा उभा करण्याच्या पद्धतीही अशाच तपासा. स्लोव्हेनांच्या परस्पर विमा संस्था होत्या: शिकागोत १९०४ साली निघालेली एसएनपीजे, क्लीव्हलँडमध्ये १९१० साली निघालेली स्लोव्हेन्स्का डोब्रोडेल्ना झ्वेझा. महिन्याला थोडी वर्गणी भरायची, आजारपणात किंवा कमावता माणूस गेल्यावर घराला आधार मिळायचा. कोरियन लोकांचं 'के' आणि चिन्यांचं 'हुई' म्हणजे जवळपास आपली भिशी. बँक दारात उभं करत नाही तेव्हा घर आणि दुकान कशावर उभं राहतं, हे इथे कळतं.

आता थोडं व्यवहाराचं. मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. दोन-तीन महिने हाताशी ठेवा. स्लोव्हेनियन भाषेचे चार शब्द शिका, 'दोबेर दान' (नमस्कार) आणि 'ह्वाला' (धन्यवाद) एवढ्यानेही चेहरे खुलतात. नॅशनल होमच्या आवारात स्लोव्हेनियन संग्रहालय आणि दप्तरखाना आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या.

नोकरीचा विचार प्रवेश घेतानाच करा. समाजशास्त्राच्या साध्या पदवीवर शिक्षणानंतर सहसा एक वर्ष काम करता येतं. तोच अभ्यास संख्यात्मक अर्थशास्त्रासारख्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या अभ्यासक्रमात केला तर आणखी दोन वर्षांची मुदत मागता येते. विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या आय-२० या कागदावर कोणता अभ्यासक्रम क्रमांक पडणार हे विभागाला लेखी विचारा, आणि नियम बदलत असतात म्हणून अर्जाच्या वेळी पुन्हा एकदा तपासा. माझ्या बरोबरीची मुलं पुढे काउंटीच्या नियोजन खात्यात, रुग्णालयांच्या सामाजिक आरोग्य विभागात, निर्वासितांच्या पुनर्वसन संस्थांत लागली. या सगळ्यांना तक्ताही काढता येतो आणि परक्या स्वयंपाकघरात तासभर गप्प बसून ऐकताही येतं. मुलाखतीत दोन्हींबद्दल विचारलं जातं.

माझ्या प्रबंधातल्या शेवटच्या तक्त्यात 'आशियाई' असा रकाना नाही. त्याच्या जागी आठ ओळी आहेत. भूतानी ओळीखाली नमुना लहान असल्याची टीप आहे. ती ओळ गाळावी असं मला दोनदा सुचवण्यात आलं. मी ती ठेवली, आणि त्या पानाची प्रत ॲक्रनला पाठवून दिली.