हायब्रिड गाडीची 12 व्होल्टची बॅटरी बदलताना
टोयोटा प्रियसच्या तिसऱ्या पिढीच्या गाडीत 12 व्होल्टची साहाय्यक बॅटरी बॉनेटखाली नसून डिकीच्या उजव्या कोपऱ्यात असते. आणि डिकीचे कुलूप विजेवर चालत असल्यामुळे काम संपेपर्यंत डिकी उघडीच ठेवावी, नाहीतर मागच्या सीटवरून रांगत आत शिरण्याची वेळ येते. गाडी पूर्ण बंद करून स्मार्ट किल्ली दूर ठेवावी. 10 मिलिमीटरच्या पान्याने आधी निगेटिव्ह आणि मगच पॉझिटिव्ह टर्मिनल सोडवावे, कारण क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्हवरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते; जोडताना मात्र निगेटिव्ह शेवटी जोडावे. ही बॅटरी प्रवासी बसतात त्याच बंदिस्त जागेत असल्याने नवी बॅटरी एजीएम प्रकारची (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी), वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेलीच घ्यावी आणि ती नळी आठवणीने परत बसवावी. स्वस्त, साध्या बॅटरीचा मोह येथे टाळलेलाच बरा. नारिंगी आवरणाच्या तारा उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नये. शेवटी घड्याळ पुन्हा लावावे.