कबड्डीच्या मैदानावरचा माईक आणि डीजे : या चुका टाळा

जत्रा असो, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन असो की तरुण मंडळाचा चषक, बीड-परभणीपासून नांदेड-लातूरपर्यंत कबड्डीचं मैदान आखलं की शेजारी डीजेचे बॉक्स लागतातच. लागू द्या, त्यानं गर्दी जमते. पण आवाज कधी द्यायचा आणि कधी पूर्ण बंद ठेवायचा हे आधी ठरलेलं नसेल, तर वर्षभर घाम गाळलेल्या पोरांचा खेळ त्या आवाजाखाली दबतो.

चढाई चालू असताना गाणं

सगळ्यांत घातक चूक हीच. चढाईपटूचा दम पंचांना ऐकू आला पाहिजे, तो तुटला की चढाई बाद. म्हणजे कबड्डीत कान हे पंचाचं साधन आहे. बास दणाणत असेल तर पंच नुसत्या ओठांकडे बघून निर्णय देणार, आणि मग भांडण ठरलेलंच. पकड करणारी पोरंही एकमेकांना हाका मारत असतात. कोपरारक्षकानं मागून दिलेली हाक साखळीतल्या गड्याला (हात धरून उभ्या असलेल्या बचावपटूंपैकी एकाला) ऐकूच गेली नाही, तर साखळी उशिरा बंद होते आणि गुण जातो.

आइस हॉकीकडून इथं शिकण्यासारखं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत डीजेचं काम शिट्टीवर चालतं. पंचाची शिट्टी वाजली, घड्याळ थांबलं की संगीत सुरू; चकती पुन्हा बर्फावर पडली की बंद. २० मिनिटांचे तीन डाव, पण घड्याळ वारंवार थांबत असल्यानं डीजेला भरपूर जागा मिळते. कबड्डीत तशी जागा नाही. एक चढाई ३० सेकंदांची, ती संपली की दुसऱ्या संघाचा गडी ५ सेकंदांत निघायला हवा. त्या पाच सेकंदांत गाण्याचं धृपद बसत नाही, ढोलाचा एखादा ठेका बसतो. गाणी वाजवायची ती टाइम आउटमध्ये आणि मध्यंतरात. लोण पडल्यावर, म्हणजे एका संघाचे सगळे गडी बाद झाल्यावर, छोटा तुकडा चालेल. डीजेवाल्याला सरपंचांचे (म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांचे) हात दिसतील अशी जागा द्या; मंचाच्या मागे बसवलात तर तो अंदाजानंच बटण दाबणार.

निकालाआधी घोषणा

आइस हॉकीत गोल झाल्यावर भोंगा लगेच वाजतो, पण कोणी मारला आणि कोणी साहाय्य केलं हे निवेदक अधिकृत गुणलेखकाकडून कळल्यावरच सांगतो. आपल्याकडे चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावला की माईकवर "दोन गुण!" सुरू. मग पंच एकच गुण देतात, प्रेक्षक पंचांवर तुटून पडतात, आणि ज्याच्यामुळे हे घडलं तो निवेदक पुढच्या चढाईवर बोलत असतो. पंचाचा हात वर होईपर्यंत थांबा. मग एवढंच पुरे : "जर्सी क्रमांक ७, एक बोनस, एक स्पर्श. गुणफलक १४-११." बोनस (बोनस रेषा ओलांडल्याचा गुण) होता की अव्वल पकड (तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेली पकड) हे जरूर सांगा, कारण मागच्या रांगेतल्या आजोबांना रेषा दिसत नाही.

नावं सामन्याआधी संघ व्यवस्थापकाकडून लिहून घ्या आणि एकदा त्यांच्यासमोर वाचून दाखवा. परगावच्या मुलाचं आडनाव चुकीचं पुकारलं तर त्याला ते फार लागतं.

बक्षिसांच्या घोषणा हा आपल्याकडचा नाजूक विषय. "अमुक अण्णांकडून पाचशे एक रुपये" हे त्याच क्षणी पुकारावं असा आग्रह असतो. चिठ्ठ्या टेबलावर गोळा करा आणि मध्यंतराच्या पाच मिनिटांत मानानं वाचा. शाल-श्रीफळही तेव्हाच.

माईक शिट्टी मारतो, शब्द कळत नाहीत

शिट्टी येते कारण बॉक्समधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो. निवेदकाचं टेबल बॉक्सच्या मागे हवं, समोर नको. माईकची जाळी मुठीत धरून बोलू नका. त्यानं शिट्टी वाढतेच. एवढं करूनही येत असेल तर आधी माईकचा आवाज थोडा उतरवा आणि तोंड जवळ न्या.

इको बंद करा. लग्नाच्या मंडपात तो शोभतो; गुण सांगताना "चौदा" शब्दाचे तीन तुकडे होतात. मैदानाच्या दोन टोकांना बॉक्स लावले असतील तरी हाच त्रास होतो, कारण आवाजाला ३४ मीटर कापायला साधारण एक दशांश सेकंद लागतो आणि दूरचा शब्द मागून येतो. सगळे बॉक्स एकाच बाजूला ठेवा.

घरघर येत असेल तर वीजेची आणि माईकची वायर एकत्र गुंडाळली आहे का बघा, अर्थिंग तपासा. जनरेटरवर हॅलोजन आणि मिक्सर एकाच लाइनीवर घेऊ नका.

दुखापत आणि दहाची वेळ

खेळाडू पडून उठला नाही तर संगीत ताबडतोब बंद, आणि माईकवर फक्त एकच वाक्य : डॉक्टर मैदानात या. गर्दीला मागे हटायला स्वयंसेवक सांगतील.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवर बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. राज्य सरकार वर्षातल्या मोजक्याच दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. तुमच्या स्पर्धेचा दिवस त्यात आहे असं धरून चालू नका, पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी घ्या. अंतिम सामना साडेनऊला लावलात तर तो दहाच्या आत संपत नाही : दोन डावांची ४० मिनिटं, मध्यंतराची ५, वर टाइम आउट. साडेआठला सुरू करा, म्हणजे बक्षीस समारंभही माईकवर होईल.